कारागिरांची मृत्युपत्रे

सोळाव्या-सतराव्या शतकातील इंग्लंडमधल्या लोहार, विणकर, सुतार अशा कारागिरांची मृत्युपत्रे आणि मालमत्तेच्या याद्या वाचण्यात आजचा सारा दिवस गेला. १८५८ पर्यंत तेथे मृत्युपत्रांना मान्यता देण्याचे काम प्रामुख्याने चर्चची न्यायालये करीत, आणि १५२९ च्या कायद्यानुसार मृताच्या जंगम मालमत्तेची यादी करावी लागे. त्यासाठी शेजारीपाजारीच घरात येत, एकेका खोलीतून फिरत आणि पितळी भांड्यांपासून चादरींपर्यंत प्रत्येक वस्तूची किंमत लिहून घेत. पिसांची गादी, उशा आणि पडदे यांसह पलंग ही तर घरातील सर्वांत मौल्यवान चीजवस्तूंपैकी एक असे, त्यामुळे तो कोणाला द्यायचा हे अनेकजण आवर्जून नोंदवीत. ऐरण, भाता, हातमाग ही अवजारे बहुधा त्याच धंद्यातल्या मुलाकडे, क्वचित हाताखालच्या उमेदवाराकडे जात. ज्या हातांना ती वापरता येतील त्यांच्याकडेच ती सोपवण्याची ही काळजी मला फार मोलाची वाटते.

सलते ते एवढेच की, विवाहित स्त्रीला पतीच्या संमतीवाचून मृत्युपत्र करता येत नसे, आणि ही स्थिती बदलायला १८८२ चा कायदा यावा लागला. विधवांना मात्र तो अधिकार होता, आणि त्यांतील कित्येकींनी पतीमागे कार्यशाळाही चालवली.