हस्त संपायच्या आत वेज बसली

गोल्फमधला माझा पन्नास यार्डांचा पिच, म्हणजे वेज या तिरप्या पात्याच्या क्लबने होलभोवतीच्या ग्रीनवर उंच टाकायचा आखूड शॉट, अखेर बसला. एखादा नव्हे, रविवारी राउंडभर बसला. जूनपासूनच्या नोंदी वाचणाऱ्यांना माझं रडगाणं पाठ असेल. ड्राइव्ह बरा, दुसरा शॉट बरा, ग्रीन चाळीस ते सत्तर यार्डांवर, आणि तिथून फॅट, म्हणजे क्लब बॉलच्या आधीच जमिनीत. बॉल चार पावलं पुढे, चिखल चष्म्यावर, आणि फोर-बॉलमधल्या मंडळींची ती सभ्य शांतता. रविवारी त्याच अंतरातून बॉल ग्रीनवर पडत होता आणि पडला तिथेच थांबत होता. स्कोअरचं विचारू नका, पटिंगने सगळं घालवलं. पण एखाद्या सुटलेल्या पिचचा आवाज दिवसभर कानात राहतो, तसा तो राहिला.

मूळ दुखणं ऋतूचंच होतं. एप्रिल-मेमध्ये हाच शॉट माझा हुकमी. पुण्याकडचा फेअरवे (कापलेल्या गवताचा पट्टा) तेव्हा भाजून निघालेला असतो, काळ्या मातीला भेगा, गवत पिवळं आणि तोकडं. क्लब जरा मागे पडला तरी जमीन त्याला आत घेत नाही. तो घसरत बॉलपर्यंत पोचतो आणि शॉट निभावतो. मृग लागला की तीच काळी माती पाणी पिऊन फुगते. वर बर्म्युडा गवत माजलेलं, खाली लोणी. (वरून बघताना लाय, म्हणजे बॉल बसलेली जागा, एकदम मस्त दिसते, हाच त्यातला दुष्टपणा.) क्लब अर्धा इंच मागे पडला तरी गेला आत.

आमच्यातल्या एकाचं ठाम मत होतं की पावसाळी हवा दमट म्हणून जड, त्यामुळे बॉल कमी पडतो, एक नंबर लांब पल्ल्याचा क्लब घे. हे आपल्याकडे बरेच जण मानतात, पण उलटं आहे. पाण्याची वाफ कोरड्या हवेपेक्षा हलकी असते, म्हणून त्याच तापमानाला दमट हवा किंचित विरळच असते. पावसाळ्यात अंतर जातं ते बॉलला रोल मिळत नाही म्हणून, ओल्या फेसमुळे (क्लबची बॉलला लागणारी बाजू), आणि अंगावर रेनकोट चढवून अर्धाच स्विंग होतो म्हणून. फॅटचा तर हवेशी काहीच संबंध नाही.

मग प्रयोग. घरातली रांगोळी डबीत घालून प्रॅक्टिस ग्राउंडवर नेली (घरून यावर झालेली टिप्पणी इथे देत नाही). ओल्या गवतावर एक सरळ रेघ मारायची, बॉल ठेवायचाच नाही, रेघेवर स्विंग करत पुढे सरकायचं. डिव्हट (क्लबने उखडलेलं गवत) कुठे सुरू झाला ते लगेच दिसतं. रांगोळी ओलीतही टिकते. चुन्यापेक्षा बरी, हाताला चावत नाही. मला वाटलं होतं डिव्हट रेघेच्या बराच मागे असतील. तसं नव्हतं. बरेचसे रेघेला लागून होते, काही जेमतेम बोटभर मागे. लो पॉइंट, म्हणजे स्विंगची सगळ्यात खालची जागा, इतका वाईट नव्हताच. वाईट होती ती खोली. डिव्हट पातळ सालपट निघायच्या ऐवजी मुळासकट ढेकूळ निघत होतं आणि खड्ड्याची पुढची कड उभी होती.

दुसरा प्रयोग मार्करचा. वेजचा सोल, म्हणजे तळ, परमनंट मार्करने पूर्ण काळा केला आणि पिच मारत सुटलो. नंतर फडक्याने चिखल टिपून पाहिलं तर शाई फक्त लीडिंग एज म्हणजे पुढच्या धारेलगतच्या पट्टीतून गेलेली, आणि मागचा सगळा फुगीर भाग, ज्याच्यासाठी आपण पैसे मोजतो, तो नव्यासारखा काळाकुळकुळीत. म्हणजे बाउन्स, तो फुगवटा, जमिनीला लागतच नव्हता. कुदळ चालवल्यासारखी धार तेवढी आत जात होती.

कॅडी मामा हे सगळं शेजारी उभं राहून बघत होते. बोलले एवढंच, "साहेब, हात लई पुढं चाललेत. मे महिन्यात चालतंय, आता नाही चालायचं."

घरी येऊन गणित मांडलं. माझी ५६ डिग्री लॉफ्टची (फेसचा तिरपेपणा) वेज, बाउन्स ८, म्हणजे सोल धारेपासून आठ अंश खाली उतरलेला. हा आकडा शाफ्ट सरळ असतानाचा. इम्पॅक्टला हात पुढे गेले की शाफ्ट जितके अंश झुकते, ढोबळमानाने तितका बाउन्स कमी होतो. व्हिडिओ थांबवून मोजला तर झुकाव सहा-सात अंश दिसला. आठातून सात गेले, उरला एक. एका अंशाच्या बाउन्सने काळ्या मातीत कोण तरणार? आयर्नला हात पुढे हवेत हे खरंच, पण तोच धडा पिचला चिकटवला की पावसाळ्यात असं होतं. मे महिन्यात हे उघडं पडत नाही, कारण तेव्हा टणक जमीनच बाउन्सचं काम करते.

उपाय ऐकायला सोपा. बॉल स्टान्सच्या मध्यापासून जरा पुढे, ग्रिपचं टोक बेल्टच्या बकलकडे, वजन डाव्या पायावर आणि शेवटपर्यंत तिथेच, छाती फिरत राहिली पाहिजे. हातांनी काही करायचं नाही. "सोल आपटू दे" असं स्वतःला सांगायचं. सवय व्हायला श्रावण-भाद्रपद गेले. मधे मित्राची ५६ ची, १४ बाउन्सवाली वेज मागून घेतली होती. तिच्याने पहिल्याच शॉटला जो धप्प आवाज आला, तो ऐकून मला कळलं की गवतावर सोल आपटणं म्हणजे काय. पुढे आपल्या आठवाल्यावर तोच आवाज शोधत राहिलो. रविवारी तो वारंवार आला. मार्करची शाई आता मधून जाते, फोटो काढून ठेवलाय.

दोन गोष्टी वाटेत सापडल्या. एक, फेअरवेवरचे फिके-गडद पट्टे बघा. आपल्याला गडद दिसणारा पट्टा म्हणजे गवताची पाती आपल्याकडे झुकलेली, ग्रेन अंगावर. ओल्या बर्म्युडात त्या पट्ट्यावरून पिच म्हणजे धार अडकायची हमी. प्रिफर्ड लाइज (बॉल उचलून जवळच ठेवायची मुभा) लागू असतील आणि बॉल ठेवायला मिळालेल्या जागेत फिका पट्टा येत असेल, तर तिथे ठेवा, नियमात बसतं. दुसरी, ओल्या फेसवरून वेजचा बॉल चढतो जास्त आणि स्पिन कमी होते. म्हणून शॉटच्या आधी फेस पुसणं हे ग्रिप पुसण्याइतकंच महत्त्वाचं. छत्रीच्या काडीला आतून अडकवलेला छोटा टॉवेल हा माझ्या मते पावसाळ्यातला सगळ्यात उपयोगी क्लब आहे.

सामानाचं विचारलं होतं काहींनी. पातळ कातडी ग्लोव्ह पावसात वाया घालवू नका. दोन राउंडमध्ये पापड होतो. रेन ग्लोव्ह दोन्ही हातांचे जोडीने मिळतात आणि ओले झाल्यावर जास्त घट्ट धरतात, कोरड्यात उलट निसटल्यासारखे वाटतात, म्हणून आधी भिजवून घ्या. नेटवरून मागवलेला एक स्वस्त जोड पहिल्याच पावसात निळा रंग सोडू लागला, ग्रिपसकट हात निळे. दोरा मिसळलेल्या कॉर्ड ग्रिपला मात्र दुसरा पर्याय नाही.

आणि आमच्याकडचा एक वाद मिटवून टाकू. रफमध्ये (फेअरवेबाहेरच्या वाढलेल्या गवतात) रुतलेल्या बॉलला फ्री रिलीफ, म्हणजे दंडाशिवाय बाहेर काढायची मुभा, नाही असं आमच्याकडचे एक काका अजून ठणकावून सांगतात. २०१९ च्या नियमांपासून जनरल एरियात (टी, बंकर, पेनल्टी एरिया आणि ग्रीन सोडून) कुठेही, म्हणजे रफमध्येही आहे, स्वतःच्याच पिच-मार्कमध्ये रुतलेला असला आणि वाळूत नसला की झालं. आणि हरवलेला बॉल शोधायला पाच मिनिटं नाहीत, तीनच. ऑगस्टमधल्या रफला तीन मिनिटं म्हणजे थट्टा, पण आहे ते असं आहे. हँडिकॅपमध्ये त्या दिवसाच्या हवामानाची सूट मिळेल अशी आशाही फार ठेवू नका. धो-धो पावसाच्या दिवशी आठ स्कोअर तरी भरले जायला हवेत, नाहीतर पीसीसीचं (प्लेइंग कंडिशन्स कॅल्क्युलेशन, म्हणजे त्या दिवसाच्या परिस्थितीची दुरुस्ती) गणितच होत नाही, आणि त्या दिवशी निम्मे लोक क्लबहाउसमध्ये भजी खात असतात.

आता पुढची पंचाईत. वेज बसली आणि हस्त लागला. आठवडा-दोन आठवड्यांत ऑक्टोबरचं ऊन जमीन वरून भाजायला लागेल. प्रॅक्टिस ग्राउंडच्या पूर्वेकडच्या कडेला आत्ताच माती टणक झालीये, आणि मित्राची १४ वाली तिथे नेली तर सोल उसळून धार थेट बॉलच्या पोटात. ग्रीन ओलांडून पार झुडपात.

म्हणून ठरवलं होतं की दोन ५६ ठेवायच्या. मृगापासून हस्तापर्यंत १४ बाउन्सची, दिवाळीपासून पुढे ८ ची. संक्रमणाच्या महिन्यात दोन्ही बॅगेत, आणि चौदा क्लबांच्या मर्यादेपायी ५-वुडला सुट्टी. नवी १४ वाली घ्यायची म्हणून भावही काढले.

पण हे लिहितालिहिता माळ्यावरची जुनी ५४ आठवली. बाउन्स १०, जुन्या सेटमधली, थोडी गंजलेली, पण फेसवरचे ग्रूव्ह (खाचा) बरे आहेत. वेज वाकवून लॉफ्ट वाढवला की बाउन्सही तितकाच वाढतो. ५४ ला दोन अंश वीक केलं की ५६, बाउन्स १२. क्लब जुळवून देणाऱ्या फिटरकडे दहा मिनिटांचं काम.

आणि बारा असले की दोन वेजची गरजच उरत नाही. पावसाळ्यात हात सरळ ठेवून पूर्ण बारा वापरायचे. ऑक्टोबरात, टणक लायवर, हात चार अंश पुढे घेतले की उरतात आठ, म्हणजे माझ्या ८ वालीला हात सरळ ठेवून मिळतात तितके. ज्या सवयीशी चार महिने भांडलो ती आता मुद्दाम, हवी तेव्हा वापरता येईल. ५-वुडची सुट्टी रद्द. खरेदीही रद्द, निदान या महिन्यापुरती.

हिवाळ्यातल्या दवाचं यात कुठे बसतं ते अजून बघायचंय. डिसेंबरच्या पहिल्या टी-टाइमला जमीन खाली टणक आणि वर गवत चिंब, म्हणजे फेस ओला पण सोलखाली मे महिना. तिथे बहुधा पिच सोडून ५० डिग्रीच्या वेजने बंप अँड रन (बॉल घरंगळत नेणारा शॉट) बरा.

५४ शनिवारी फिटरकडे टाकतोय. कोणी कास्ट (ओतीव) वेज दोन अंश वाकवून घेतली असेल तर सांगा. फोर्ज्ड (घडीव) सहज वाकते, कास्टला जोर लावावा लागतो, आणि माझी नक्की कोणती आहे हे गंजाखालून वाचता येत नाहीये. शिवाय वीक केल्यावर धार पुढे आल्यासारखी दिसते म्हणतात. ॲड्रेसला (शॉटसाठी उभं राहिल्यावर) ते डोळ्यांना किती खटकतं?