बांधावरच्या लढवय्या मुली: एका कादंबरीच्या चार खर्ड्यांचा अनुभव

जुन्या गोव्यातील पुरातत्त्व संग्रहालयात मी पहिल्यांदा वीरगळ, म्हणजे लढताना पडलेल्या वीरांच्या स्मृतिशिळा, निरखून पाहिले, तेव्हा वहीत एकच ओळ लिहिली होती: ‘यात बाई कुठे आहे?’ वीरगळाच्या खालच्या चौकटीत वीर लढतो, मधल्या चौकटीत अप्सरा त्याला स्वर्गात नेतात आणि वरच्या चौकटीत तो शिवलिंगापुढे बसलेला असतो. स्त्री दिसते ती अप्सरेच्या रूपात, आणि सतीशिळेवर तर तिचा बांगड्या भरलेला, कोपरात वाकवलेला हातच काय तो उरतो. गावासाठी शस्त्र घेऊन उभी राहिलेली मुलगी मला त्या दगडांत दिसली नाही. मी उच्च माध्यमिक विद्यालयात मराठी शिकवते. माझ्या अकरावी-बारावीच्या विद्यार्थिनींना हातातून खाली ठेववणार नाही अशी अद्भुतरम्य कादंबरी आपल्या भाषेत असावी, ही इच्छा मनात बरीच वर्षे होती. ती पुरी व्हायला तीन वर्षे आणि चार खर्डे लागले.

पहिल्या खर्ड्याची नायिका पुरुषवेशात लढत होती. ही कल्पना मला हळदोण्याजवळच्या खोर्जुव्याच्या किल्ल्यावर सुचली. रिओ दि जानेरोत जन्मलेली मारिया उर्सुला १७०० च्या सुमारास पुरुषाच्या नावाने पोर्तुगीज सैन्यात शिरली, हिंदुस्थानात लढली आणि पुढे तिने लग्नही केले. या छोट्याशा चिरेबंदी किल्ल्याशी तिचे नाव आजही जोडले जाते. तिच्या धैर्याविषयी मला आदर आहे, पण शंभर पाने लिहून झाल्यावर लक्षात आले की माझ्या नायिकेची सारी शक्ती ओळख लपवण्यातच खर्ची पडत होती आणि ती कशासाठी लढते, हे सांगायला मला जागाच उरली नव्हती. तो खर्डा मी बाजूला ठेवला.

ती कशासाठी लढते, याचे उत्तर मला आजोळी मिळाले. माझे आजोळ तिसवाडीत, खाजनाच्या काठावर. खाजन म्हणजे नदीच्या खाऱ्या पाण्यापासून बांध घालून राखलेली शेतजमीन, आणि त्या बांधाचा प्राण म्हणजे मानस, पाणी अडवणारी-सोडणारी झडप. भरतीचे पाणी चढू लागले की त्याच्याच दाबाने मानशीची लाकडी दारे मिटतात, ओहोटी लागली की आतल्या पाण्याच्या रेट्याने ती उघडतात. माणसाने फक्त ती शाबूत ठेवायची आणि बांधावर नजर ठेवायची. खारे पाणी सहन करणारा कोरगुट भातसुद्धा बांधाला मोठी खांड पडल्यावर तग धरत नाही, आणि एकदा खारवलेली जमीन पुन्हा पिकती व्हायला कित्येक पावसाळे जावे लागतात. शत्रूला गाव जाळायची गरजच नाही, उधाणाच्या रात्री मानस फोडली की पुरे. हे सुचले त्या रात्री मला झोप लागली नाही. माझ्या कादंबरीतल्या मुली राजाच्या शिपाई राहिल्या नाहीत, त्या बांधाच्या राखणदार झाल्या. सातेरी देवीचे वारूळ हे त्यांचे दैवत, आणि धालोंच्या, म्हणजे बायकांच्या नाच-गाण्यांच्या उत्सवाच्या, वेळी बायका पौषातल्या रात्री मांडावर, म्हणजे गावाच्या पवित्र अंगणात, दोन रांगांत समोरासमोर उभ्या राहतात, तशा उभ्या राहून त्या शपथ घेतात.

लढाईचे प्रसंग मात्र खोटे वाटत होते. शेवटी गावच्या मेस्ताकडून, म्हणजे सुताराकडून, एक सागवानी तलवार करून घेतली आणि तिला लोखंडी पट्टी ठोकून तिचे वजन किलोभर केले. हात सरळ पुढे धरून मी अंगणात उभी राहिले. दोन मिनिटेही झाली नसतील, तोच खांदा थरथरू लागला, मुठीतल्या घामाने पकड निसटू लागली आणि तलवारीचे टोक आपोआप जमिनीकडे झुकले. माझ्या खर्ड्यात सोळा वर्षांची मुलगी अकरा पाने अखंड तलवार चालवत होती. त्या अकरा पानांची मी दोन पाने केली, आणि उरलेल्या जागी तिचा दुखरा खांदा, ओला चिखल आणि कोंडलेला श्वास लिहिला.

दुसरा खर्डा एका प्रकाशकाकडे गेला. आठ महिन्यांनी उत्तर आले, की प्रेमकथा काढून टाकावी, मुलांना शौर्य पुरेसे आहे. दुसऱ्या एका प्रकाशकाने नेमके उलट सुचवले. या दोन्ही पत्रांनी मी खचले, हे मान्य करायला हवे. तिसऱ्या खर्ड्यात मी दोघांचेही समाधान करायला गेले आणि नायिका केतकी हिने आपल्या आवडत्या होडीवाल्या तरुणाला, म्हणजे तारीला, शपथेपायी सोडून दिले, असा शेवट केला.

तो खर्डा मी बारावीच्या चार मुलींना वाचायला दिला. त्यांपैकी एकीने वही परत करताना विचारले, ‘टीचर, ही शपथ तिने स्वतः घेतली, की लहानपणीच तिच्याकडून वदवून घेतली?’ मी सातव्या वर्षी शपथ देणारी प्रथा रचली होती आणि तिच्यात मला काहीच वावगे वाटले नव्हते. त्या प्रश्नाने सगळी कादंबरी उसवली. अजाणत्या वयात वदवून घेतलेल्या शपथेला मी कर्तव्य म्हणत होते, आणि त्यासाठी केतकीने केलेल्या त्यागाचे कौतुक वाचकांनी करावे, अशी अपेक्षा धरून बसले होते.

चौथ्या खर्ड्यात मुली अठराव्या वर्षी स्वतःहून मांडावर येतात, आणि शपथ परत करण्याची मुभाही त्यांना असते. उधाणाच्या रात्रीआधी केतकी तलवार वारुळापाशी ठेवते, नदीपर्यंत चालत जाते, आणि परत येऊन ती उचलते. बांधाला खांड पडते तेव्हा तारी तिला वाचवायला धावत नाही. तो रात्रभर होडी भरभरून चिखल आणतो आणि ती खांडीवर उभी राहून शत्रूला रोखते. एवढा एक प्रसंग लिहायला मला पाच आठवडे लागले, आणि लिहून झाल्यावर मी खूप रडले.

पुढचे काम सोपे होते. कादंबरी स्वतःच छापायचे ठरवले, राजा राममोहन रॉय राष्ट्रीय एजन्सीकडे ऑनलाइन अर्ज करून आयएसबीएन विनाशुल्क मिळवला आणि छपाईची दोन मुद्रिते शब्दन् शब्द तपासली. पहिली प्रत मी त्या प्रश्न विचारणाऱ्या मुलीला दिली. व्हरांड्यात उभ्याउभ्याच तिने आधी शपथेचे पान शोधून काढले, आणि घंटा होईपर्यंत ती तेच वाचत राहिली.