प्रिय ग्राहक

बँक आपली काळजी करू लागली की मला शंका येते. माझं खातं ज्या शाखेत आहे, तिथं पासबुक छापायचं मशीन बंद असलं की 'उद्या या' एवढंच ऐकू येतं. माझी त्याबद्दल तक्रार नाही. बँकेनं असंच असावं: रुक्ष, सावकाश, कागदावर कागद मागणारी. तीच बँक रात्री पावणेबाराला ईमेल धाडून 'प्रिय ग्राहक, आपल्या कार्डाची सुरक्षितता हीच आमची बांधिलकी' असं गळ्यात पडायला लागली, तर पाणी कुठंतरी मुरतंय हे नक्की.

आमच्या विश्रामबागेतल्या इमारतीत वरच्या मजल्यावर अण्णा राहतात. साखर कारखान्याच्या वजनकाट्यावर त्यांची सारी नोकरी गेली. ट्रॉली काट्यावर चढतानाच कोण काय चलाखी करणार हे कळायचं, असं ते सांगतात आणि ते खरं असावं, कारण त्यांना बघून भाजीवाल्याचा तराजू अजूनही सरळ होतो. तर असे हे अण्णा परवा मोबाइल पुढं धरून खाली आले. "वहिनी, हे बघा की जरा. चोवीस तासांत कार्ड बंद करतो म्हणतंय."

ईमेल देखणं होतं. वर बँकेचं चिन्ह, तळाला बारीक अक्षरात अटी, मधोमध निळं बटण: 'त्वरित पडताळणी करा'. मराठी तर इतकं शुद्ध की शाळेतल्या बाई खूश व्हाव्यात. पूर्वी बँकेच्या नावानं फसवणारी ही मंडळी शुद्धलेखनावरून सापडायची. ऱ्हस्व-दीर्घ चुकलं की समजायचं, काहीतरी गडबड आहे. आता लिहायचं काम मशीनच करून देतं, त्यामुळे ती सोय गेली. उलट खऱ्या बँकेच्या पत्रातच हल्ली जास्त चुका निघतात.

पाठवणाऱ्याच्या जागी बँकेचं नाव होतं, पण तिथं कुणीही कुठलंही नाव टाकू शकतो. निळ्या बटणावर बोट दाबून धरलं, तेव्हा ते कुठं नेणार तो पत्ता दिसला. "सुरुवातीला बँकेचंच नाव आहे की," अण्णा म्हणाले. होतं खरं. आधी बँकेचं नाव, मग टिंब, मग 'कार्ड-व्हेरिफाय', पुन्हा टिंब आणि शेवटी 'टॉप'. हे एसटीच्या पाटीसारखं वाचायचं. 'मिरज-सांगली-कराड-स्वारगेट' अशी पाटी असली तर सांगली कितीही ठळक लिहिलेली असो, गाडी शेवटी जाते स्वारगेटला. देशातल्या बँकांनी ३१ ऑक्टोबर २०२५ पर्यंत आपापली संकेतस्थळं 'डॉट बँक डॉट इन' या शेपटीवर न्यावीत, असं रिझर्व्ह बँकेनं सांगितलं ते याचसाठी. ही शेपटी बँकांसाठीच राखलेली आहे. मात्र ती शेवटी पाहिजे. मधेच कुठंतरी 'बँक' घुसडलेलं किंवा टिंबाच्या जागी आडवी रेघ मारलेली चालायची नाही.

अण्णांनी मान डोलावली, पण चेहऱ्यावर पटल्याचं काही दिसेना. चोवीस तासांची धास्ती अशी पाटी वाचून उतरत नाही. बटण न दाबताही पुढचं पान कसं असणार ते मला ठाऊक होतं. ही पानं सगळी एका साच्याची. कार्डाचा सोळा आकडी नंबर, मुदत संपायचा महिना नि साल, पाठीवरचे तीन आकडे, आणि पाठवणारा धीट असेल तर एटीएमचा पिनसुद्धा.

"अण्णा, कार्ड दिलं कुणी?"

"बँकेनं."

"नंबर कुणी छापला?"

"बँकेनंच की." मग जरा थांबून, "मग त्यांनीच दिलेला नंबर त्यांना माझ्याकडनं कशाला पाहिजे?"

एवढं झाल्यावर काट्यावरचा माणूस जागा झाला. त्यांनी उलटतपासणीच सुरू केली. नंबर दिला तरी ओटीपी आपल्याच मोबाइलवर येतो ना, मग चोर काय करणार? प्रश्न रास्त होता. पण बऱ्याच परदेशी संकेतस्थळांवर ओटीपी लागतच नाही. नंबर, मुदत आणि ते तीन आकडे यांवर खरेदी होऊन जाते. २०२० च्या नियमानंतर नव्या कार्डावर परदेशी व्यवहार मुळात बंदच असतात, आपण चालू केले तरच चालू होतात. अण्णांनी मुलाकडं दुबईला जाताना ते चालू केले होते आणि ते तसेच राहिले होते. बँकेच्या ॲपमध्ये ते बटण शोधायला आम्हाला चहा गार होईपर्यंत वेळ लागला. सोय द्यायची आणि ती सातव्या पडद्याआड ठेवायची, ही खास बँकेची रीत.

आणि दिलीच कुणी माहिती तर? रिझर्व्ह बँकेच्या २०१७ च्या परिपत्रकाचा हिशेब साधा आहे: माहिती आपण होऊन दिली असेल, तर बँकेला कळवेपर्यंतचं नुकसान आपलं आणि कळवल्यानंतरचं बँकेचं. इथंच आपल्याकडची माणसं मार खातात. आधी बायकोपासून लपवायचं, मग मुलाला कसं सांगावं याचा विचार करत रात्र काढायची. तोवर पैसे कुठल्या कुठं गेलेले असतात. बँकेला कळवायचं आणि सायबर गुन्ह्यांसाठीचा १९३० हा नंबर फिरवायचा, दोन्ही त्याच घटकेला. अण्णांनी तो नंबर मोबाइलमध्ये 'चोर' या नावानं साठवला. ऐन वेळी दुसरं काही आठवायचं नाही म्हणे.

पुढच्या आठवड्यात त्यांना खऱ्या बँकेचं खरं ईमेल आलं. केवायसीची मुदत संपली आहे, कागदपत्रं घेऊन शाखेत यावं. ना प्रिय, ना बांधिलकी, ना निळं बटण. अण्णा तरीही त्याची छापील प्रत काढून शाखेत गेले. काउंटरवरच्या मुलीनं ती बघितली आणि म्हणाली, "आमचंच आहे काका, आधारची झेरॉक्स द्या."

"देतो की," अण्णा म्हणाले. "आधी तुमचं ओळखपत्र बघू."