कोल्हापूरहून रत्नागिरी: भरती, घाट आणि सोमवार सांभाळून

कोल्हापूरकर रत्नागिरीला जातो म्हणजे बहुतेक वेळा गणपतीपुळ्यालाच जातो. शहराच्या वाट्याला परतीचा तासभर येतो. त्यात थिबा राजवाडा बाहेरून बघायचा, मांडवीच्या किनाऱ्यावर भेळ खायची आणि घाट अंधारात चढायचा. यात बंदर राहतं, किल्ला राहतो आणि मांडवीला गेलो तेव्हा पाणी कुठं होतं हेही कुणाच्या लक्षात राहत नाही. म्हणून या वेळी क्रम उलटा ठेवला. शनिवारी शहर, रविवारी आरे-वारेमार्गे पुळे, आणि दोन्ही दिवसांची आखणी भरतीच्या वेळेवर.

भरतीची वेळ काढायला इंटरनेट लागत नाही, घरातलं तिथीचं कॅलेंडर पुरतं. कोकणातला जुना हिशोब असा: तिथीच्या आकड्याला तीनने गुणायचं, चारने भागायचं, येईल ती पूर्ण भरतीची वेळ. पौर्णिमा-अमावास्येला १५ गुणिले ३ भागिले ४ म्हणजे सव्वाअकरा, अष्टमीला सहा. भरती दिवसातून दोनदा येते, सकाळी आणि रात्री धरून. तिच्यानंतर साधारण सहा तासांनी पूर्ण ओहोटी, आणि रोज ही वेळ पंचेचाळीस-पन्नास मिनिटांनी पुढे सरकते. वद्य पक्षात मोजणी पुन्हा प्रतिपदेपासून. अर्धा-पाऊण तास इकडेतिकडे होतो, पण सहलीला एवढं चालतं. या वेळी शनिवारी सप्तमी होती, म्हणजे भरती सव्वापाचला आणि ओहोटी अकरा-साडेअकराला. याचा सरळ अर्थ असा की दुपारी पाण्याकडे फिरकायचं नाही आणि संध्याकाळ समुद्रावर काढायची. पौर्णिमेच्या आसपास गेलात तर गणित उलटं होतं. भर दुपारी पाणी काठाला लागलेलं आणि संध्याकाळी पाचनंतर मांडवीला नुसता काळा चिखल. अष्टमीच्या सुमारास भांगाची भरती असते, पाणी फार चढत नाही. उधाण पौर्णिमा-अमावास्येला आणि नंतरचे दोन दिवस. पावसाळ्यातलं उधाण असेल तर मिऱ्याच्या बंधाऱ्यावरून लाटा आत येतात. तिथं कठड्यावर उभं राहून फोटो काढणं हा शुद्ध मूर्खपणा आहे.

रस्ता साधारण १३० किलोमीटर, पण पुण्याचा हिशोब इथं लावू नका. शिवाजी पूल, केर्ली, वाघबीळ, बांबवडे, मलकापूर, आंबा, घाट उतरून साखरपा, नाणीज, पाली, हातखंबा आणि रत्नागिरी. रुंदीकरणामुळे काही पट्टे गुळगुळीत, तर काही ठिकाणी वळणरस्ते आणि धूळ. छोट्या गाडीला चहा धरून चार तास मोजावेत. पहाटे साडेपाचला पूल ओलांडला की साडेनऊच्या आसपास शहरात शिरता येतं, आणि राजवाडा दहाला उघडतो. निघताना मिसळ चापून खाऊ नका, विशेषतः पोरं बरोबर असतील तर. कट आणि घाटाची वळणं यांचं जमत नाही. मलकापुरात पोहे-चहा, आणि पोटभर खाणं साखरप्याला, घाट उतरल्यावर.

आंबा घाट उतरताना गाडी दुसऱ्या गिअरमध्ये ठेवा. सतत ब्रेकवर पाय ठेवून उतरलं की ब्रेक तापतात आणि खालच्या वळणांवर, नेमके हवे तेव्हा, धरत नाहीत. सकाळी धुकं असेल तर पार्किंगचे चारही दिवे लावून गाडी चालवू नका, मागच्याला तुम्ही वळताय की थांबलाय हेच कळत नाही. फॉग लॅम्प किंवा लो बीम पुरे. गायमुखाजवळ लोक थांबतात, गाडी रस्त्याच्या पूर्ण बाहेर लागत असेल तरच थांबा. माकडांना खायला घालू नका. खिडकी उघडी दिसली की ती थेट आत येतात.

पावसाळ्यात जाणाऱ्यांनी दोन गोष्टी निघण्यापूर्वी बघाव्यात. पहिली घराजवळचीच: पंचगंगा. राजाराम बंधाऱ्यावर इशारा पातळी ३९ फूट आणि धोका पातळी ४३ फूट. पाणी वाढून रेडेडोह फुटला, म्हणजे तिथं नदी पात्राबाहेर पडली, की आंबेवाडी-केर्लीच्या पट्ट्यात रस्त्यावर पाणी येतं आणि घाट ठणठणीत असूनही रत्नागिरी लांब राहते. दुसरी घाटातली दरड. जुलै २०२१ च्या अतिवृष्टीत आंबा घाट खचला आणि अवजड वाहनांना बरेच दिवस बंद राहिला. पर्याय म्हणून मलकापुराकडून अणुस्कुरा घाटाने ओणीला उतरता येतं, किंवा गगनबावड्याहून करूळ घाटाने वैभववाडी-तळेरे करत मुंबई-गोवा महामार्गाला लागता येतं. दोन्हीकडून वेळ वाढतो, आणि मोठ्या पावसात तिथंही दरडी येतातच. जुलै-ऑगस्टमध्ये हॉटेलचे पैसे परत मिळतील अशीच खोली घ्या.

एसटीने जाणाऱ्यांचं काम सोपं आहे. मध्यवर्ती बसस्थानकातून रत्नागिरीच्या गाड्या मिळतात. रेल्वेचा विचार डोक्यातून काढा. कोल्हापूरहून कोकण रेल्वेला जोडणारा मार्ग अजून नाही, आणि रत्नागिरीचं स्टेशनही कुवारबावला, शहराच्या बाहेर.

रत्नागिरी दोन मजली शहर आहे हे आधी समजून घेतलं तर पायपीट वाचते. वरच्या अंगाला मारुती मंदिर, नाचणे आणि महामार्गाकडची वस्ती. खाली उतरलं की बसस्थानक, गोखले नाका, राम आळी, पुढे मांडवी आणि किल्ला. स्थानकावरून मांडवीला चालत जाणं सोपं, उन्हात चालत वर येणं घामाघूम करतं. आपल्याकडच्या कोरड्या हवेची सवय असलेल्याला ऑक्टोबर आणि मे हे दोन महिने फार जड जातात. मुक्काम खालच्या भागात केला तर गाडी एका जागी ठेवून रिक्षाने फिरता येतं, कारण राम आळीत गाडी लावायला जागा मिळणं कठीणच.

पहिलं ठिकाण थिबा राजवाडा. तो सोमवारी बंद असतो. शनिवार-रविवार-सोमवार अशी सुट्टी जोडून येणारे आणि शहर शेवटी ठेवणारे इथंच फसतात. ब्रह्मदेशाचा शेवटचा राजा थिबा १८८५ साली इंग्रजांकडून पदच्युत झाला आणि पुढच्या वर्षी इथं स्थानबद्ध म्हणून आणला गेला. हा राजवाडा बांधून झाला १९१० मध्ये, आणि १९१६ मध्ये राजा इथंच वारला. म्हणजे तीस वर्षांच्या कैदेतली जेमतेम सहा वर्षं त्याला हा वाडा लाभला. इतकं माहीत असलं की जांभ्याचं बांधकाम, लाकडी कमानी आणि अर्धवर्तुळाकार खिडक्या नुसत्या फोटोपुरत्या उरत नाहीत. आत वस्तुसंग्रहालय आहे. सगळं मिळून सव्वा तास द्या. जवळच थिबा पॉइंटवरून काजळी नदीचं मुख, भाट्याचा पूल आणि पलीकडचा किनारा एका नजरेत येतो. ओहोटीच्या वेळी खाडीतले वाळूचे पट्टे उघडे पडतात, तेव्हा नकाशा बघितल्यासारखं सगळं समजतं. सकाळी साडेअकराची वेळ यासाठी उत्तम. राजाची समाधी शिवाजीनगर भागात आहे. रिक्षावाल्याला "थिबाची समाधी" म्हणा, नुसतं "थिबा" म्हटलं तर तो पुन्हा राजवाड्यावर आणून सोडतो.

दुपारच्या उन्हात टिळक आळी. लोकमान्यांचा जन्म २३ जुलै १८५६ चा. उतरत्या कौलांचं कोकणी घर, आत सावली, अर्धा तास पुरे. तिथून पतितपावन मंदिर जवळच आहे. सावरकर रत्नागिरीत स्थानबद्ध असताना १९३१ साली भागोजीशेठ कीर यांनी ते बांधलं आणि सगळ्या जातींना खुलं ठेवलं. शाहू महाराजांच्या गावातून आलेल्या माणसाने हे चुकवू नये. बाहेरून साधं दिसतं म्हणून लोक पुढे जातात.

जेवणाचं थोडक्यात. शनिवारी दुपारी एकनंतर चांगल्या खाणावळीत रांग लागते, साडेबाराला बसा. ताट मागताना आज ताजं काय आलंय हे विचारा, मेनूकार्डावरचं नाव वाचून मागू नका. सुरमई-पापलेट वर्षभर मिळतात खरे, पण ते बऱ्याचदा बर्फातले असतात. बांगडा, सौंदाळे, तिसऱ्या (शिंपले) त्या दिवशीच्या असण्याची शक्यता जास्त, आणि दरही निम्मे. तांबड्या रश्श्याच्या हिशोबाने तिखट शोधू नका, इथल्या कालवणात नारळ आणि कोकम बोलतं. १ जून ते ३१ जुलै समुद्रात यांत्रिक बोटींना मासेमारी बंद असते. त्या काळात खाडीची मासळी किंवा साठवलेला माल, आणि भाव चढे.

चारला रत्नदुर्ग. गाडी वरपर्यंत जाते, नंतर थोड्या पायऱ्या. किल्ल्याचा आकार घोड्याच्या नालेसारखा आणि तिन्ही बाजूंनी समुद्र. भगवती देवीचं मंदिर बालेकिल्ल्यात, दीपगृह दक्षिणेच्या टोकाला. बहुतेक लोक दर्शन घेऊन परततात. तटावरून पूर्ण फेरी मारा, तासभर लागतो आणि मध्ये पाणी मिळत नाही. तट काही ठिकाणी ढासळलेला आहे, कडेला लहान मुलांचा हात सोडू नका. मिरकरवाडा बंदर, भगवती बंदराची जेटी आणि दोन्ही बाजूंचे किनारे कसे बसलेत ते इथूनच कळतं: एका अंगाला मांडवीची काळी वाळू, दुसऱ्या अंगाला ‘पांढरा समुद्र’ म्हणतात तो किनारा. भरती सव्वापाचची असल्याने पाणी तटाखालच्या खडकांवर आदळत होतं. ओहोटीला गेलं तर हा देखावा अर्ध्यावर येतो. किल्ल्याखालच्या भुयाराच्या तोंडाशी उतरायचा हट्ट चढत्या पाण्यात धरू नका. खडक शेवाळाने गुळगुळीत असतात आणि परतायची वाट आधी बुडते. सूर्यास्त मांडवीच्या जेटीवर.

रविवारची सकाळ मिरकरवाड्याची. बोटी लागल्या की लिलाव चालतो, सहा ते आठ ही वेळ बरी. जमीन ओली आणि खवल्यांनी निसरडी, म्हणून पकड असलेली रबरी चप्पल घाला. लिलावाच्या घोळक्यात मध्ये उभं राहू नका, टोपल्या डोक्यावर घेऊन येणारे थांबत नाहीत. फोटोआधी विचारा. मासळी कोल्हापूरला न्यायची असेल तर घरून थर्माकोलची पेटी आणा. एक किलो मासळीला एक किलो बर्फ, खाली एक थर, वर एक थर, आणि मासळी पिशवीत बांधून, म्हणजे वितळलेल्या पाण्यात ती भिजत नाही. कल्ले लालभडक, डोळा फुगीर आणि बोटाने दाबल्यावर मांस परत वर येतंय एवढं बघा. कोळिणीकडून पोट साफ करून घ्या, कारण नासायला सुरुवात पोटातून होते. तुकड्या मात्र घरीच पाडा, कापलेलं मांस बर्फाचं पाणी पितं. बोंबील नेऊ नका, घाट चढेपर्यंत त्याचं पाणी होतं. पुळ्याला दुपारपर्यंत थांबणार असाल तर दोन वाजता बर्फ पुन्हा भरावा लागतो. एसटीने येणाऱ्यांनी ताज्याचा नाद सोडावा. सुकी मासळी हवाबंद डब्यात आणता येते, तरी कंडक्टरच्या नाकाची हमी कुणी द्यायची?

मुलं असतील तर झाडगावचं मत्स्यालय, देवमाशाच्या सांगाड्यासाठी. नसतील तर सरळ शिरगावातून आरे-वारे रस्ता धरा: बसणी, आरे, वारे, नेवरे, भंडारपुळे. हा रस्ता अरुंद आणि चढउताराचा आहे. मोठ्या बसने येणाऱ्यांनी महामार्गावरच्या निवळीहून जाकादेवीमार्गे जावं. आरे-वारेच्या माथ्यावर दोन्ही किनारे दिसतात, तिथं गाड्यांची गर्दी रविवारी दहानंतर होते. खाली पोहायला उतरू नका. आरे-वारे काय, पुळे काय, दोन्हीकडे किनारा अचानक खोल होतो आणि परतीची लाट पायाखालची वाळू ओढते. बुडणाऱ्यांत घाटावरून आलेले लोक बरेच असतात. नदीत पोहणं येतं म्हणून समुद्र येतो असं नाही. ओहोटीला पाणी माणसाला आत ओढतं, तेव्हा तर गुडघ्याच्या वर जाऊच नये.

पुळ्यात संकष्टी आणि अंगारकीला जाणं टाळा, नुसतं पार्किंगलाच तास जातो. डोंगराची प्रदक्षिणा साधारण एक किलोमीटर, अनवाणी असाल तर दुपारी फरशी भाजते. मालगुंड पुढे अगदी जवळ. केशवसुतांचं घर आणि स्मारक शांत आहे, पाऊण तास काढा. जयगड या दोन दिवसांत बसत नाही, ओढून बसवू नका.

खरेदीत अमृतकोकम म्हणजे साखरेचं सरबत आणि आगळ म्हणजे बिनसाखरेचा, मीठ घातलेला रस. सोलकढीला आगळ लागतं. हापूस एप्रिलच्या मध्यापासून खरा. पेटी रस्त्यावरून न घेता बागायतदाराकडून घ्या आणि थोडा कच्चाच घ्या, गवताच्या अढीत आठ-दहा दिवसांत पिकतो. उन्हात बंद गाडीच्या डिकीत पेटी ठेवून पुळ्याला चार तास फिरलात तर आंबा वरून पिवळा आणि आत आंबूस होतो.

पुळ्याहून तीनला निघा, फार तर साडेतीनला. निवळी-हातखंबा-पाली करत साखरप्याला चहा, आणि घाट उजेडात चढून आंबा गाठायचं. एकच दिवस हातात असेल तर पुळे सोडा, राजवाडा, टिळक आळी आणि रत्नदुर्ग करा, पण तिथी बघून असा दिवस निवडा की भरती दुपारी सव्वादोन ते तीनच्या दरम्यान येईल. म्हणजे तृतीया किंवा चतुर्थी. किल्ला पाणी भरलेलं असताना होतो आणि साडेतीनला परतीला लागता येतं. चतुर्थी वद्यातली असेल तर ती संकष्टी. पुळ्याच्या गर्दीतल्या गाड्या हातखंब्यापर्यंत तुमच्याच रस्त्यावर असतील, तेव्हा अर्धा तास आधी निघा.