तुम्ही विचारलंत म्हणून: ओआरएम असताना एसक्यूएल कशाला शिकायचं?

एसक्यूएल ही डेटाबेसशी बोलायची भाषा; ओआरएम म्हणजे कोडमधले ऑब्जेक्ट आणि डेटाबेसमधली टेबलं यांची सांगड घालून ते एसक्यूएल आपल्यासाठी लिहिणारं साधन. टीममध्ये नवीन आलेलं कुणी ना कुणी हे मला विचारतंच. माझं उत्तर ठरलेलं आहे: आधी एसक्यूएल शिका, मग ओआरएम मनसोक्त वापरा.

एडगर कॉड यांनी १९७० साली रिलेशनल मॉडेल, म्हणजे डेटा टेबलांत ठेवायची पद्धत, मांडलं, त्याचा पाया गणितातल्या संचांचा. ऑब्जेक्ट, म्हणजे डेटा आणि त्यावरची कामं एकत्र बांधणारे कोडमधले घटक, वेगळ्याच मुशीतून आले. कोडमध्ये ऑर्डरकडे तिच्या आयटमांची यादी असते. टेबलात बरोबर उलट, प्रत्येक आयटम आपल्या ऑर्डरचा आयडी बाळगून असतो. इनहेरिटन्स, म्हणजे उपवर्गानं मूळ वर्गाचे (क्लासचे) गुण घेणं, तर रिलेशनल मॉडेलला मुळात ठाऊकच नाही. सगळे उपवर्ग एका टेबलात कोंबले, तर कितीतरी कॉलम रिकामे राहतात आणि त्यांवर 'नॉट नल' (रिकामं चालणार नाही) ही अट लावता येत नाही. वेगळी टेबलं केली, तर जॉइन, म्हणजे टेबलं एकमेकांना जोडून वाचणं, वाढतात. मी बहुतेक वेळा पहिला मार्ग घेते, पण हा निर्णय ओआरएमवर सोडून चालत नाही.

मला खरा धडा मिळाला तो एका यादीच्या पानावर. ऑर्डरी आणायच्या आणि प्रत्येकीपुढे ग्राहकाचं नाव दाखवायचं, एवढंच काम. कोड दोन ओळींचा, वाचायला सुंदर. माझ्या मशीनवर पाच ऑर्डरी होत्या, पान झटकन उघडायचं. खऱ्या डेटावर ते रखडलं. क्वेरी लॉग, म्हणजे डेटाबेसकडे गेलेल्या प्रत्येक मागणीची (क्वेरीची) नोंद, उघडला तर ऑर्डरींसाठी एक क्वेरी, आणि मग दोनशे ऑर्डरींच्या दोनशे ग्राहकांसाठी एकेक: एकूण २०१. लेझी लोडिंग, म्हणजे लागेल तेव्हाच डेटा आणणं, आपलं काम चोख करत होतं. order.customer.name ही ओळ वाचताना मला तिथे जॉइन दिसायला हवा होता, तो दिसला नाही. ग्राहक त्याच क्वेरीत आणायला सांगितलं आणि २०१ ची एक झाली.

तरीही ओआरएम टाकून द्या असं मी कधीच म्हणणार नाही. हायबरनेटसारखं (जावातलं एक ओआरएम) साधन एकाच सेशनमध्ये, म्हणजे डेटाबेसबरोबरच्या कामाच्या एका बैठकीत, टेबलातली तीच ओळ दोनदा मागितली तर तोच ऑब्जेक्ट देतं, काय बदललं ते स्वतः टिपतं आणि योग्य क्रमानं इन्सर्ट-अपडेट करतं. हे हातानं लिहिताना मी भरपूर चुका केल्या आहेत.

म्हणून नव्या माणसाला पहिल्या दिवशी मी क्वेरी लॉग चालू करून देते. प्रत्येक स्क्रीनमागे किती क्वेरी गेल्या, ते त्यानं मोजून मला सांगायचं. रिपोर्ट मात्र आम्ही आजही थेट एसक्यूएलमध्येच लिहितो.