हंगझौचा मोगरा: दिवसा जाऊ नका, आणि 'लियांग' ओळखायला शिका

आधी पैशांचं सांगून टाकतो, म्हणजे बाकीचं जरा शांतपणे लिहिता येईल. चीनमधल्या फुझौ शहरात, पर्यटकांनी भरलेल्या एका गल्लीत मी अर्धा जिन जॅस्मिन चहा घेतला. पाटीवर ९८ लिहिलं होतं. जिन म्हणजे ५०० ग्रॅम एवढं घरून पाठ करून गेलो होतो, त्यामुळे अर्ध्याचे ४९ युआन हा हिशोब डोक्यात पक्का. दुकानातल्या बाईंनी चहा तोलला, चंदेरी पिशवीत भरला, यंत्रात धरून पिशवीचं तोंड चिकटवलं आणि मग कॅल्क्युलेटर माझ्याकडे वळवला. ४९०.

मी हसलो, एक शून्य जास्त पडलाय म्हणून खूण केली. त्यांनी पाटीवरच्या ९८ शेजारच्या अक्षरावर नखाने दोनदा टकटक केलं. ते अक्षर जिनचं नव्हतंच, लियांगचं होतं. लियांग म्हणजे ५० ग्रॅम, जिनचा दहावा हिस्सा. पाटी खरी, वजन खरं, पिशवी सील झालेली. भांडायला जागाच ठेवलेली नव्हती. सहा हजार रुपयांच्या आसपास गेले. त्यामुळे ही दोन अक्षरं मोबाइलमध्ये फोटो काढून ठेवा: 'जिन' आणि 'लियांग'. आणि तोलायला सांगण्याआधी एकूण किती होतील ते आकड्यात लिहून घ्या. तोंडी नको, भाषांतराच्या ॲपवर तर मुळीच नको.

वर आणखी एक. तो चहा मी निवडला कारण त्यात पांढरी वाळकी फुलं खच्चून भरलेली होती. 'जितकी फुलं जास्त, तितका माल भारी,' असं बाईंचं ॲप म्हणालं होतं. हे साफ उलटं आहे, पण ते मला चार दिवसांनी कळलं.

फुझौचे उरलेले दोन दिवस मजेत गेले. मिन नदी, जुन्या गल्ल्या, माशांचे गोळे घातलेलं सूप. त्यात सल्ला देण्यासारखं काही नाही. जॅस्मिन चहाचं मूळ गाव हेच. मोगरा हे शहराचं अधिकृत फूल आहे, इथली मोगरा-चहाची शेती २०१४ साली जागतिक अन्न व कृषी संघटनेच्या वारसा-यादीत गेली, आणि २०२२ साली युनेस्कोने चीनच्या पारंपरिक चहानिर्मितीला मान दिला त्यात इथलं तंत्रही आहे. पण शहर वाढलं तशी नदीकाठची फुलशेती आटली आणि धंदा नैऋत्येला ग्वांगशी स्वायत्त प्रदेशात सरकला. आज चीनमधला बहुतेक मोगरा तिथल्या हंगझौ या एका भागातून येतो. फूल बघायचं असेल तर तिकडे जा.

हो, मोगराच. आपल्याकडच्या डब्यांवर 'जॅस्मिन' वाचून आपण जाई नाहीतर चमेली समजतो. या चहातलं फूल गजऱ्यातला मोगरा आहे. चिनी नाव 'मोली', आणि ते आपल्या 'मल्लिका'वरून गेलं असं मानतात. झाडही आपल्याच बाजूने तिकडे गेलेलं.

तिकीट काढताना सांभाळा. हंगझौ आणि हांगझौ ही दोन वेगळी शहरं आहेत. हांगझौ शांघायजवळ, तिथेही चहाच प्रसिद्ध, त्यामुळे ॲपने ते पुढे केलं की शंका येत नाही. माझा मावसभाऊ ग्वांगझौला नोकरी करतो, त्याने शेवटच्या क्षणी बघितलं, नाहीतर मी दुसऱ्याच दिशेला निघालो असतो. आपल्याला हवं ते ग्वांगशीची राजधानी नाननिंग, तिथपासून शंभरेक किलोमीटरवर आहे. पूर्वी ते हंग काउंटी होतं, २०२१ मध्ये त्याला शहराचा दर्जा मिळाला, म्हणून जुन्या नोंदींत जुनंच नाव सापडतं. नाननिंगहून वेगवान रेल्वे आहे. लहान लॉजवाले परदेशी पासपोर्ट बघून नको म्हणतात, तेव्हा आधी फोन करून विचारा. अलीपे, म्हणजे तिकडचं पैसे भरायचं ॲप, भारतातूनच चालू करून न्या.

आता ती दुपार.

सगळीकडे फोटो असतात: हिरवी शेतं, टोप्या घातलेल्या बायका, पांढरी फुलं. मी समजलो की शेतात पाऊल टाकलं की घमघमाट. ऑगस्टच्या दुपारी दीड वाजता जियाओयी गावाजवळ उतरलो आणि नाकाला आला तो ओल्या मातीचा, शेणखताचा आणि स्वतःच्या घामाचा वास. मोगऱ्याचा एक कण नाही. कमरेएवढी झुडपं, त्यांच्यावर घट्ट मिटलेल्या कळ्या, आणि वर छप्पर नावाची गोष्ट मैलभर नाही. टोपी, पाणी, बूट हे तुम्ही नेणारच, ते सांगत बसत नाही. तरी सांगतो, हवा हलतच नाही. अंगावर ओली गोधडी टाकून उन्हात उभं केल्यासारखं वाटतं. सोबत आलेला मावसभाऊ म्हणाला, "दादा, तू बस, मी छत्री बघतो," आणि तो परत येईपर्यंत माझ्या डोळ्यांसमोर काजवे चमकत होते.

मी आडोशाला बसून तोडणाऱ्या एका मावशींकडे बघत राहिलो. देठ दोन बोटांत धरून नखाने खुडायचा, कळी तळहातात साठवायची, मूठ भरली की कमरेच्या पिशवीत. त्या फक्त पांढऱ्या, फुगलेल्या कळ्या घेत होत्या, म्हणजे त्याच रात्री उमलणाऱ्या. हिरवट उद्यासाठी. चुकून उमललेलं फूल दिसलं तर त्याच्याकडे बघतही नव्हत्या, ते काल राहून गेलेलं, वास संपलेलं. म्हणजे या शेतांत फुललेला मोगरा तुम्हाला दिसतच नाही. फुलण्याआधीच तो विकला जातो. मोगऱ्याचा सुवास कळीत साठवलेला नसतो, उमलतानाच तयार होतो. आपल्याकडे संध्याकाळी घेतलेला कळ्यांचा गजरा रात्री दरवळतो, हे आयुष्यभर बघूनही माझ्या ध्यानात आलं नव्हतं. दुपारच्या शेतफेरीवर माझा निकाल: जाऊ नका. जायचंच असेल तर अर्धा तास, फोटो, परत. आदल्या दिवशी पाऊस झाला असेल तर तेवढंही नको, पावसाची फुलं कारखानेही नाक मुरडून घेतात.

खरा प्रवास रात्री आठनंतर सुरू होतो. लॉजच्या मालकिणीने ओळखीच्या एका छोट्या कारखान्यात फोन लावून दिला. तुम्हीही तिथेच विचारा, तिकीटवाल्या 'अनुभव केंद्रां'च्या नादी लागू नका. फरशीवर कळ्या पसरलेल्या होत्या. नऊच्या सुमारास त्यांची तोंडं उघडू लागली. पुरती नाही, पाकळ्या वाघनखांसारख्या वळतील इतकीच, आणि तिथले लोक त्याला वाघाचा पंजाच म्हणतात. तेवढ्यात ती चाळून, न उमललेल्या बाजूला काढून, वाळलेल्या चहात फावड्याने कालवतात आणि ढीग घालतात. फूल उच्छ्वास सोडतं, कोरडा चहा तो पितो. थोड्या वेळाने ढीग आतून तापतो. कामगाराने माझा हात मनगटापर्यंत आत घातला: ताप भरलेल्या माणसाच्या कपाळासारखा ऊबदार. जास्त तापला तर फुलं उकडतात, म्हणून मध्यरात्रीनंतर ढीग मोडून पसरतात, गार करतात, पुन्हा घालतात. पहाटे फुलं पिवळी, मलूल. ती सगळी चाळून फेकून देतात आणि चहा भट्टीवर सुकवतात. उन्हाळ्यात आपण माठात मोगरा टाकतो, पाणी पितो, फूल काढून टाकतो, अगदी तसंच.

ही झाली एक फेरी. चांगल्या मालाला नव्या फुलांनी तीन, पाच, सात अशा फेऱ्या देतात, मध्ये विश्रांती. शेवटची फेरी थोड्या फुलांची, त्यानंतर भट्टी नाही. म्हणजे फुलांचं काम आधीच झालेलं असतं. डब्यात दिसतो तो बहुतेक वेळा नुसता साज. अपवाद सिचुआनच्या 'बितान पियाओश्वे'चा, त्यात पांढरी फुलं मुद्दाम ठेवतात आणि ती कपात तरंगतात. माझ्या ४९० वाल्या पिशवीत ते नव्हतं, चुरा झाकायला फुलं होती.

प्रकारांचं थोडक्यात. 'लाँगझू' म्हणजे हाताने वळलेल्या गोळ्या. गरम पाण्यात उलगडतात, बघायला झकास, चार वेळा पाणी घालता येतं. पहिल्यांदा घेणाऱ्याने हाच घ्यावा. 'यिनझेन' फक्त कोंबांचा, लवदार, फार हळुवार. ज्याला रोज आलं-वेलचीचा उकळलेला चहा लागतो त्याने यावर पैसे घालवू नयेत, त्याला कोमट पाणी वाटेल. 'माओफेंग' मधला, रोजचा, मला सगळ्यात आवडलेला. बेजिंगकर याच कुळातल्या साध्या चहाला 'शियांगपियान' म्हणतात, आणि त्याची चाळणीखालची भुकटी 'गाओस्वी' म्हणून स्वस्तात पितात. ती हसण्यावारी नेऊ नका, वास उत्तम असतो.

ओळखायचं कसं? आपल्याला एक फायदा आहे, आपलं नाक. काही चहांत पहिला दरवळ मोगऱ्याचा नसून चाफ्याचा येतो. कारण मोगऱ्याआधी सोनचाफ्याच्या पांढऱ्या भाऊबंदाचा हात देतात. थोडा चालतो, पण चाफाच पुढे येत असेल तर मोगऱ्यात काटकसर केली आहे. दुसरं, दुसरं पाणी घाला. अत्तर मारलेला चहा पहिल्या कपात घर डोक्यावर घेतो आणि दुसऱ्या कपात गवताचं पाणी होतो. तिसरं, चहाची पानं वसंतातली, फुलं उन्हाळ्यातली. एप्रिलमध्ये कुणी 'यंदाचा ताजा' म्हणून जॅस्मिन चहा दाखवला तर पुढच्या दुकानात जा. पाणी उकळी मोडल्यावर घाला, दोन-तीन मिनिटं पुरे.

कारखान्यातून मी पाच फेऱ्यांचा अर्धा जिन माओफेंग घेतला, हिशोब आधी लिहून घेऊन, त्या पिशवीच्या निम्म्याहून कमी पैशांत. साध्या कागदी पुडीत दिला. तो बॅगेच्या ज्या कप्प्यात ठेवला त्यातून जाताना मी भावासाठी पाव किलो गोडा मसाला नेला होता. चहा वास पितो, हे मध्यरात्री उभ्याने बघितलेला माणूस मी. पुण्यात पुडी उघडली तर दगडफूल आणि खोबरं. फुझौची सीलबंद पिशवी मात्र जशीच्या तशी आहे.