टन वाढवण्याआधी फॉल्स सीलिंगच्या वर डोकावा

एप्रिल संपत आला की सांगली-मिरजेतल्या बंगल्यांमधून एकच तक्रार ऐकू येते. डक्टचा (सीलिंगवरच्या पत्र्याच्या बोगद्यांतून गार हवा खोल्यांत पोचवणारा) एसी दिवसभर चालतो, बिल चढतं, पण वरच्या मजल्यावरचा हॉल 27-28 च्या खाली यायला तयार नाही. मग गॅस कमी असेल म्हणून गॅस भरला जातो, नाहीतर 3 टनाच्या जागी 4 टनाचं युनिट बसवायचा सल्ला मिळतो. या दोन्हींच्या आधी करायचं काम अर्ध्या तासाचं आहे: शिडी लावायची, ट्रॅप डोअर उघडायचं आणि टॉर्च मारून डक्टचा एकेक सांधा बघायचा.

वरच्या मजल्यावर सगळ्यात तापणारी जागा म्हणजे स्लॅब आणि फॉल्स सीलिंग यांच्यामधली दीड-दोन फुटांची पोकळी. गच्चीवर दिवसभर ऊन, स्लॅब तापलेला, त्यामुळे दुपारी चारच्या सुमारास तिथली हवा 40 अंशांपर्यंत सहज जाते. गार हवेचा डक्ट नेमका तिथूनच फिरवलेला असतो. ज्यांचा बेदाणा कोल्ड स्टोरेजला असतो, त्यांना दाराचं गॅस्केट फाटलं की काय होतं हे वेगळं सांगावं लागत नाही. घरातल्या डक्टच्या सांध्यांनाही तोच न्याय लागतो, फक्त ते सांधे कोणाच्या नजरेला पडत नाहीत. अमेरिकेत जवळपास घरोघरी डक्ट असतात. तिथल्या सरकारच्या ऊर्जाबचतीच्या एनर्जी स्टार कार्यक्रमाच्या अंदाजाने साधारण घरात डक्टमधली 20 ते 30 टक्के हवा वाटेतच गळते. आपल्याकडे डक्ट लांबीला कमी असतात, पण सीलंट (फटी बुजवायचा लेप) लावायची सवय त्याहून कमी.

गळती दोन बाजूंची असते आणि दोन्ही सारख्या नसतात. सप्लायच्या, म्हणजे खोलीत गार हवा सोडणाऱ्या बाजूने गळाली तर गार झालेली हवा पोकळीत जाते, म्हणजे पैसे देऊन स्लॅब गार करणं. शिवाय खोलीतून जेवढी हवा ओढली जाते तेवढी परत येत नाही, म्हणून खोलीत ओढ तयार होते आणि स्लायडिंग खिडकीच्या ट्रॅकमधून, दाराखालून बाहेरची गरम हवा आत शिरते. रिटर्नच्या, म्हणजे खोलीतली हवा युनिटकडे परत नेणाऱ्या बाजूची गळती याहून वाईट. तिथून पोकळीतली 40 अंशांची हवा थेट कॉइलवर (हवा गार करणाऱ्या नळ्यांवर) येते, सोबत जिप्समची भुकटी, जळमटं आणि उंदरांची घाणही. दर दोन महिन्यांनी कॉइल धुवायला लागत असेल, तर फिल्टरला दोष देण्याआधी रिटर्न बघा.

कित्येक बंगल्यांत तर रिटर्नला डक्टच नसतो. सीलिंगला एक जाळी ठोकलेली असते आणि युनिट आख्ख्या पोकळीतून हवा ओढत असतं. बसवताना पत्र्याचे चार पैसे वाचतात, ते पुढे प्रत्येक उन्हाळ्यात भरावे लागतात. इथे सांधे बुजवून भागत नाही. जाळीपासून युनिटच्या तोंडापर्यंत बंद पेटीच करून घ्यावी लागते. 20 मिमीच्या फॉइल लावलेल्या पीआयआर (कडक फोमच्या) पॅनेलची केली तर वेगळं इन्सुलेशन लागत नाही आणि वजनही हलकं राहतं.

रिटर्नला डक्ट असेल, तर तो किती गळतो हे साध्या थर्मामीटरवर कळतं. भर दुपारी एसी तासभर चालू द्या. एक थर्मामीटर रिटर्नच्या जाळीपाशी धरा, दुसरा युनिटच्या तोंडाशी, कॉइलच्या अलीकडे. तिसरं माप पोकळीतल्या हवेचं. समजा जाळीपाशी 26, कॉइलपाशी 30 आणि पोकळीत 40 आलं. वाटेत हवा 4 अंशांनी तापली, आणि पोकळी व खोली यांच्यातला फरक 14 अंशांचा. 4 भागिले 14, म्हणजे साधारण 28 टक्के हवा खोलीतली नसून पोकळीतली आहे. इन्सुलेशन फाटलेलं असेल तर थोडी उष्णता पत्र्यातूनही येते, म्हणून आकडा तंतोतंत धरू नका. पण 10 टक्क्यांच्या वर गेला तर काम काढायलाच हवं.

सांधे शोधायला उदबत्ती पुरते. एसी फक्त फॅनवर ठेवा, घरातले पंखे बंद करा आणि उदबत्ती सांध्याभोवती हळूहळू फिरवा. सप्लायच्या सांध्यापाशी धूर बाहेर ढकलला जातो, रिटर्नच्या सांध्यापाशी आत ओढला जातो. सुरुवात युनिटपासून करा, कारण दाब तिथे सर्वात जास्त असतो. तिथली बोटभर फट लांबच्या डिफ्यूझरपाशी (खोलीत हवा सोडणाऱ्या तोंडापाशी) असलेल्या तेवढ्याच फटीपेक्षा कितीतरी जास्त हवा घालवते. युनिट आणि डक्ट यांच्यामधला कापडी कॅनव्हास, प्लेनमचे (युनिटलगतच्या पत्र्याच्या पेटीचे) कोपरे, मुख्य डक्टमधून फाटा निघतो तिथली कॉलर, कॉलरवर चढवलेला फ्लेक्सिबल (लवचिक) डक्ट, आणि शेवटी डिफ्यूझरची पेटी व जिप्सम यांच्यामधली फट, या क्रमाने जा. फ्लेक्सिबल डक्ट नुसता टेपने गुंडाळलेला असतो तिथे तो वर्षा-दोन वर्षांत निसटतो. काही वेळा तर तो कॉलरवरून पूर्ण उतरून पोकळीतच गार वारा सोडत असतो आणि खाली एकच खोली का तापते हे कळत नाही.

टेपबद्दल स्पष्ट बोलायला हवं. खाकी पॅकिंग टेप, इलेक्ट्रिकची पीव्हीसी टेप आणि कापडी पाठीची चंदेरी टेप, तिन्ही नकोत. त्या कापडी टेपला इंग्रजीत नावच डक्ट टेप आहे, पण 1998 मध्ये अमेरिकेतल्या लॉरेन्स बर्कले प्रयोगशाळेने वेगवेगळे सीलंट तापवून-थंड करून तपासले, तेव्हा डक्टवर टिकली नाही ती हीच टेप. उष्णतेने तिचा गोंद सुकतो आणि कडा उचकटतात. एम-सील पत्र्याच्या थरथरीने तडकतं. खात्रीचं काम करतं ते पाण्यात मिसळणारं डक्ट मॅस्टिक (दाट लेप), ब्रशने लावायचं. जिथे सांधा पुढे कधी उघडावा लागेल तिथे खऱ्या अ‍ॅल्युमिनियम फॉइलची टेप.

किती लागेल याचा हिशेब: 3 टनाचं युनिट, साधारण 1200 सीएफएम (मिनिटाला घनफूट) हवा, 450 बाय 250 मिमीचा डक्ट. एका सांध्याचा घेर 1.4 मीटर. 50 मिमी रुंद आणि 2 मिमी जाड थर दिला तर एका सांध्याला 140 मिली मॅस्टिक जातं. दहा-अकरा मीटरच्या डक्टला असे नऊएक सांधे, त्यात लांबीच्या शिवणी आणि कॉलरी धरल्या तर 4 किलोचा डबा आणावा. सोबत 48 मिमी फॉइल टेपचे दोन रोल, फायबर मेश टेपचा एक रोल आणि प्रत्येक फ्लेक्सिबल डक्टच्या दोन्ही टोकांना एकेक क्लॅम्प.

काम सकाळी लवकर काढा. अकरानंतर त्या पोकळीत माणूस टिकत नाही. एमसीबी पाडा, हातात जाड मोजे घाला (कापलेला पत्रा ब्लेडसारखा लागतो) आणि ग्लासवूल असेल तर मास्क लावा. जिप्समच्या चौकटीवर भार देऊ नका, ती माणसाचं वजन पेलण्यासाठी नसते.

सांध्यावरचं इन्सुलेशन दोन्ही बाजूंना चार-चार इंच सोडवून बाजूला करा. मॅस्टिक इन्सुलेशनच्या वरून फासण्यात काही अर्थ नाही, ते पत्र्याला लागलं पाहिजे. पत्रा आधी सुक्या फडक्याने, मग स्पिरिटने पुसा. नव्या पत्र्यावर कारखान्यातल्या तेलाचा थर असतो आणि जुन्यावर धुळीचा; दोन्हींवर मॅस्टिक नुसतं बसतं, चिकटत नाही. हलणारा सांधा आधी पत्र्याच्या स्क्रूंनी घट्ट करा. फट 3 मिमीपेक्षा मोठी असेल तर मेश टेप लावून ब्रशने मॅस्टिक त्या जाळीत दाबा, जाळी दिसेनाशी होईपर्यंत. कोपऱ्यांवर ब्रश टोचून टोचून लावा. सरळ पट्टा मारला की कोपऱ्याला हमखास टाचणीएवढं भोक राहतं. फॉइल टेप लावताना प्लॅस्टिकच्या पट्टीने घासून सुरकुत्या बसवा, प्रत्येक सुरकुती ही एक बारीक नळीच असते.

कॅनव्हासवर मात्र मॅस्टिक नको. तो थरथर अडवण्यासाठी मऊच राहायला हवा. फाटला असेल तर बदला आणि फक्त त्याच्या पत्र्याच्या पट्ट्या सील करा. डॅम्परची (हवा कमी-जास्त करणाऱ्या झडपेची) दांडी आणि ड्रेन ट्रेच्या कडा मोकळ्या राहू द्या. उन्हाळ्यात 24 तास, पावसाळ्यात 48 तास सुकू द्या, मगच इन्सुलेशन परत चढवून त्याचे जोडही फॉइलने बंद करा. हा शेवटचा टप्पा पुष्कळदा टाळला जातो. मग जून लागला की ओली हवा उघड्या गार पत्र्यावर पाणी धरते, जिप्समवर पिवळे डाग येतात आणि प्लंबर विनाकारण ड्रेन पाइप शोधत बसतो. 2019 किंवा 2021 च्या पुरात तळमजल्याच्या सीलिंगपर्यंत पाणी आलं असेल तर तिथलं ग्लासवूल सुकलेलं दिसलं तरी काढून टाका. त्यातला गाळ आणि बुरशी जात नाही.

काम झाल्यावर एक नवी अडचण येऊ शकते, तिची तयारी ठेवा. रिटर्नच्या फटी बुजल्या की युनिटला सगळी हवा जाळीतूनच घ्यावी लागते. जाळी लहान असेल तर ती शिट्टीसारखा आवाज करते आणि कॉइलवर बर्फ धरतो. 3 टनाला निदान 2 फूट बाय 2 फुटांची जाळी हवी. बर्फ दिसला तर मॅस्टिक खरवडू नका, जाळी मोठी करा. मागे हवा कमी पडते म्हणून डॅम्पर वेडेवाकडे फिरवलेले असतील तर तेही आता पुन्हा लावावे लागतात, कारण लांबच्या खोलीत हवेचा जोर वाढलेला असतो.

बिलात काय फरक पडतो? एसी ताशी 3 युनिट वीज घेतो, रोज 6 तास, 90 दिवस चालतो असं धरलं तर 1620 युनिट होतात. त्यातला पाचवा भाग गळतीत जात असेल तर तो 324 युनिटांचा. महावितरणच्या बिलात 300 आणि 500 युनिटांच्या पुढे दर चढतो, म्हणून वाचलेले युनिट नेमके सगळ्यात महागड्या टप्प्यातले असतात. डबा, टेप आणि मिस्त्रीची दोन दिवसांची मजुरी 4 टनाच्या युनिटच्या किमतीशेजारी मांडून बघा, आणि दुकानात जाण्याआधी थर्मामीटरची तिन्ही मापं कागदावर लिहून न्या.